तेल स्वस्त की पेलेट? जर्मनीतल्या एका घराचा हिशोब आणि आपली एकमान पद्धत



आजचा विषय जरा वेगळा आहे. जर्मनीतलं एक घर हिवाळ्यात गरम ठेवायला तेल स्वस्त पडतं की लाकडाचे पेलेट, हा प्रश्न आज आपण पायरीपायरीने सोडवणार आहोत.

"आपल्याकडे घर तापवायची वेळ येतेच कुठे? थंडी पडली तर शेकोटी आणि अंघोळीला बंबाचं पाणी, एवढंच!" असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. तरी हा विषय घेण्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे जर्मनी आता आपल्याला तेवढी लांब राहिलेली नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट ही शहरं १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेंबर्गशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आज आपल्या वर्गात बसलेलं एखादं मूल उद्या तिकडे नोकरीला जाईल, भाड्याचं घर घेईल, आणि हिवाळ्याचं बिल हातात आल्यावर त्याला हाच प्रश्न पडेल.

दुसरं कारण आपल्या रोजच्या कामाचं आहे. पाचवी ते आठवीच्या गणितात आपण एकमान पद्धत, एककांचं रूपांतर, शेकडेवारी, घनफळ आणि साधी समीकरणं शिकवतो. हे सगळं या एका प्रश्नात लागतं. आणि दोन वस्तूंपैकी स्वस्त कोणती हे नुसता भाव वाचून कळत नाही, ही गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसते. ती न बसल्यामुळे मोठी माणसंसुद्धा हजारो रुपयांचे निर्णय चुकवतात.

चला तर मग, सुरुवात करूया.

आधी ओळख करून घेऊ

जर्मनीत साधारण ऑक्टोबर ते एप्रिल हा घर तापवण्याचा हंगाम धरतात. बाहेर पारा शून्याखाली जातो, पण घरात वीस-एकवीस अंश तापमान हवं असतं. त्यासाठी बहुतेक घरांच्या तळघरात एक बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते गरम पाणी नळ्यांमधून प्रत्येक खोलीत फिरतं, आणि भिंतीला लावलेले लोखंडी रेडिएटर खोली गरम करतात. म्हणजे एका अर्थाने आपला बंबच, फक्त सगळ्या घराला पाणी फिरवणारा.

या बॉयलरमध्ये काय जाळायचं? अनेक जुन्या घरांत तेल जाळतात. हे तेल डिझेलच्या जवळचं असतं. वर्षातून एकदा-दोनदा टँकर येतो आणि तळघरातली टाकी भरून जातो.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या, मोठ्या दाबाखाली बनवलेल्या बारीक कांड्या. आपण जनावरांना गोळी पेंड घालतो ना, दिसायला अगदी तशाच. जाडी बहुधा ६ मिलिमीटर आणि लांबी जास्तीत जास्त ४ सेंटिमीटर. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत जो भुसा उरतो तो वाळवून दाबतात. दाबताना उष्णता निर्माण होते, लाकडातला लिग्निन नावाचा पदार्थ मऊ होतो आणि तोच डिंकासारखं काम करतो. पेलेटचाही टँकर येतो आणि नळीतून हवेच्या जोराने तळघरातल्या कोठीत कांड्या भरतो. पुढे एक स्क्रू किंवा नळी लागेल तेवढ्या कांड्या आपोआप बॉयलरमध्ये नेते.

इथे मुलं एक प्रश्न हमखास विचारतील: "मग सरळ लाकूडच का जाळत नाहीत?" तेही जाळतात. पण नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणीच असतं. ते पाणी उडवण्यात आग खर्ची पडते. चुलीत ओलं सरपण घातलं की काय होतं ते आपल्या घरातल्या आज्जींना विचारा! चांगल्या पेलेटमध्ये पाणी १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं, त्यामुळे उष्णता जास्त आणि धूर कमी.

पायरी १ : दोन भाव सरळ शेजारी ठेवू नका

२०२४ मध्ये जर्मनीत तेलाचा भाव लिटरला १ युरोच्या आसपास होता आणि पेलेटचा भाव टनाला ३०० युरोच्या आसपास. हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण हेच आकडे धरू.

१ टन म्हणजे १००० किलो. म्हणून १ किलो पेलेट = ३०० ÷ १००० = ०.३० युरो, म्हणजे ३० सेंट. (१ युरो = १०० सेंट.)

आता फळ्यावर लिहा:
तेल : १ लिटरला १०० सेंट
पेलेट : १ किलोला ३० सेंट

आणि वर्गाला विचारा, स्वस्त काय? सगळे एका सुरात सांगतील, "पेलेट! तिपटीहून स्वस्त!"

इथेच थांबायचं. एक लिटर आणि एक किलो यांची तुलना होईल का? आपल्या किराणा दुकानातलंच उदाहरण घ्या. खाद्यतेलाच्या १ लिटरच्या पिशवीवर वजन साधारण ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणून १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं जेमतेम साडेतेरा किलो. दोन डबे शेजारी ठेवून फक्त किंमत बघणारा माणूस तिथेच दीड किलो तेल गमावतो.

पेलेट आणि तेलाच्या बाबतीत नुसतं वजन सारखं करूनही भागत नाही. कारण त्या घराला लिटरही नको आहेत आणि किलोही नकोत. त्याला हवी आहे ऊब. म्हणून तुलना उबेच्या एककातच करायला हवी.

पायरी २ : उबेचं एकक शोधा

उष्णता मोजायचं एकक आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. विजेचं बिल काढा. त्यावर "युनिट" लिहिलेलं असतं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. १००० वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट वीज लागते आणि तेवढीच उष्णता मिळते. तेल आणि पेलेट यांची उष्णताही याच युनिटमध्ये मोजता येते.

१ लिटर तेल जाळलं की साधारण १० युनिट उष्णता मिळते.
१ किलो पेलेट जाळले की साधारण ४.८ ते ५ युनिट उष्णता मिळते.

वर्गासाठी पेलेटचे ५ युनिट धरा, भागाकार सोपा जातो. यातून एक छान नियम मिळतो: २ किलो पेलेट म्हणजे १ लिटर तेल.

आता एकमान पद्धत लावू.

तेल : १० युनिटला १०० सेंट, तर १ युनिटला १०० ÷ १० = १० सेंट.
पेलेट : ५ युनिटला ३० सेंट, तर १ युनिटला ३० ÷ ५ = ६ सेंट.

बघा, तिपटीचा फरक कुठच्या कुठे गेला. पेलेट स्वस्त आहेतच, पण दहाला सहा या प्रमाणात.

पायरी ३ : वर्षाचा खर्च काढा

एक जुनं, बऱ्यापैकी मोठं स्वतंत्र घर धरू. त्याच्या बॉयलरला वर्षाला २०,००० युनिट उष्णता देणारं इंधन लागतं असं समजू.

तेल : २०,००० ÷ १० = २००० लिटर. खर्च २००० युरो.
पेलेट : २०,००० ÷ ५ = ४००० किलो, म्हणजे ४ टन. खर्च ४ × ३०० = १२०० युरो.

वर्षाला फरक ८०० युरो. बहुतेक जाहिराती इथेच संपतात. आपला पाठ मात्र आत्ता कुठे निम्म्यावर आलाय.

पायरी ४ : नव्याची तुलना नव्याशी करा

इंधनातली सगळी उष्णता खोलीत पोहोचत नाही. काही धुराड्यातून निघून जाते. चांगला नवा बॉयलर, तेलाचा असो की पेलेटचा, साधारण ९० टक्के उष्णता कामाला लावतो असं धरू. म्हणजे २०,००० युनिटपैकी १८,००० युनिट ऊब घराला मिळते.

आता त्या घरात वीस-पंचवीस वर्षांचा जुना तेलाचा बॉयलर आहे आणि तो ७५ टक्केच उष्णता वापरतो असं समजा. घराची गरज तीच, १८,००० युनिट. मग इंधन किती लागेल?

१८,००० ÷ ०.७५ = २४,००० युनिट, म्हणजे २४०० लिटर तेल, म्हणजे २४०० युरो.

अशा घरी पेलेट बॉयलर विकणारा माणूस आला की तो म्हणेल, "तुम्ही आज २४०० युरो भरता, आमचं यंत्र घ्या, १२०० भराल. खर्च निम्मा!" त्याचा एकही आकडा खोटा नाही. पण १२०० युरोंच्या या बचतीत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. जुना बॉयलर काढून नवा तेलाचाच बसवला असता, तरी खर्च २४०० वरून २००० वर आला असता. म्हणजे ४०० युरो हे नवेपणाचे आणि ८०० युरो हे पेलेटचे.

मुलांना हे वेगळं करायला शिकवा. आपल्याकडेही जुना पंखा, जुना फ्रीज, जुना पंप बदलताना विक्रेता आपल्या जुन्या वस्तूशीच तुलना करतो. आपण विचारायचं ते असं: "आणि तिसरं, साधं नवीन घेतलं तर?"

पायरी ५ : यंत्राची किंमत बचतीतून कधी फिटेल?

पेलेटचा बॉयलर महाग असतो. त्यात कांड्या ओढून नेणारी यंत्रणा, पेटवण्याची सोय, राख काढण्याची सोय आणि बाजूला कोठी हे सगळं लागतं. हिशोबासाठी असं धरू (प्रत्यक्षात प्रत्येक घराचं कोटेशन वेगळं येतं):

नवा तेलाचा बॉयलर बसवून : १२,००० युरो
नवा पेलेट बॉयलर, कोठीसह : २८,००० युरो
जास्तीचा खर्च : १६,००० युरो

वर्षाची बचत ८००. म्हणून १६,००० ÷ ८०० = २० वर्षं! बॉयलरचं आयुष्यही साधारण तेवढंच. म्हणजे यंत्राचे पैसे वसूल होतील तेव्हा यंत्र बदलायची वेळ आलेली असेल.

इथे सरकार मध्ये येतं. जर्मनीत २०२४ पासून पेलेटसारख्या यंत्रणेला पात्र खर्चाच्या ३० टक्के मूळ अनुदान आहे आणि काही अटींवर त्याहून जास्तही मिळतं. आपण ३० टक्केच धरू.

२८,००० चे ३० टक्के = ८,४०० युरो
अनुदानानंतर किंमत = १९,६०० युरो
तेलापेक्षा जास्तीचा खर्च = १९,६०० − १२,००० = ७,६०० युरो
परतफेड = ७,६०० ÷ ८०० = ९.५ वर्षं

बरं वाटलं ना? पण अजून एक वजाबाकी राहिली. पेलेटच्या यंत्राची देखभाल जास्त असते. हलणारे भाग जास्त, धुराडं साफ करणं जास्त, विजेचा वापरही थोडा जास्त. त्यासाठी वर्षाला १५० युरो जास्त धरले तर खरी बचत ६५० युरो उरते.

७,६०० ÷ ६५० = साधारण पावणेबारा वर्षं.

बघा हं, तेच घर आणि तोच भाव, पण उत्तर वीस वर्षं, साडेनऊ वर्षं किंवा पावणेबारा वर्षं. हिशोबात काय धरलं आणि काय सोडलं यावर उत्तर ठरतं. म्हणून कोणी नुसतं "इतक्या वर्षांत पैसे वसूल" असं सांगितलं, तर त्यात काय काय धरलंय ते आधी विचारायचं.

पायरी ६ : भाव एका जागी थांबत नाहीत

बॉयलर वीस वर्षांसाठी घ्यायचा आणि हिशोब मात्र एका वर्षाच्या भावावर करायचा, हे धोक्याचं आहे. म्हणून एक समीकरण तयार करू. पेलेट आणि तेल सारख्याच खर्चाचे कधी होतील?

१ टन पेलेट = ५००० युनिट = ५०० लिटर तेल.

म्हणून तेलाचा लिटरचा भाव × ५०० = पेलेटचा टनाचा समतोल भाव. पेलेट यापेक्षा कमी भावात मिळत असतील तरच इंधनात बचत.

आता हे सूत्र वेगवेगळ्या वर्षांना लावून बघा.

२०२० : कोरोनाच्या वर्षात तेल फार स्वस्त झालं, लिटरला अर्ध्या युरोच्या आसपास. समतोल भाव ०.५० × ५०० = २५० युरो. त्या वर्षी पेलेट टनाला साधारण २४० युरो होते. आपल्या घराचा खर्च : तेल १००० युरो, पेलेट ९६० युरो. बचत फक्त ४० युरो. देखभालीचे १५० काढले तर पेलेटवाला तोट्यातच!

२०२२ : रशिया-युक्रेन युद्धामुळे सगळंच इंधन महागलं. मार्चमध्ये तर तेल काही काळ लिटरला २ युरोंच्या पलीकडे गेलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी ते दीड युरोच्या आसपास होतं. पण तोवर पेलेटही टनाला ७०० युरोंच्या वर चढले. गॅस मिळणार नाही या भीतीने लोकांनी साठा करायला सुरुवात केली होती, शिवाय भुसा वाळवायचा आणि वाहतुकीचा खर्चही वाढला होता. समतोल भाव १.५० × ५०० = ७५० युरो. म्हणजे फरक जवळजवळ संपलाच.

२०२४ : तेल १ युरो, समतोल ५०० युरो, पेलेट ३०० युरो. इथे पेलेट पुष्कळ पुढे.

"लाकूड गावातलंच आहे, त्याचा भाव कशाला वाढेल?" असं समजणाऱ्यांना २०२२ ने चांगलाच धडा दिला. एक इंधन महागलं की लोक दुसऱ्याकडे धावतात आणि मग तेही महागतं.

एक गोष्ट मात्र तेलाच्या सतत विरुद्ध जाते. जर्मनीत २०२१ पासून तेल जाळण्यावर कार्बन शुल्क आहे. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइडच्या एका टनामागे ते २५ युरो होतं, २०२५ मध्ये ५५ युरो झालं. एक लिटर तेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तर २००० लिटरचा किती आणि त्यावर शुल्क किती? (२००० × २.७ = ५४०० किलो, म्हणजे ५.४ टन. ५.४ × ५५ = २९७ युरो.) हे शुल्क तेलाच्या भावातच मिसळलेलं असतं. लाकडाच्या पेलेटवर ते नाही, कारण झाडाने वाढताना हवेतून घेतलेलाच कार्बन परत जातो असं कायदा धरतो. झाड तोडायला पाच मिनिटं लागतात आणि वाढायला पन्नास वर्षं, त्यामुळे हे गृहीत कितपत बरोबर, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. आठवीच्या मुलांसाठी हा चर्चेचा चांगला विषय होईल.

पायरी ७ : पैशात न दिसणाऱ्या गोष्टी

जागा : २००० लिटर तेलाला २ घनमीटर जागा लागते. पेलेटचं १ घनमीटरला वजन साधारण ६५० किलो भरतं. म्हणून ४००० ÷ ६५० = सुमारे ६.२ घनमीटर. वरची मोकळी जागा आणि खालचा उतार धरला तर एक छोटी खोलीच गेली म्हणा. ज्याच्याकडे तळघर नाही त्याच्यासाठी हा हिशोब इथेच संपतो.

राख : उत्तम प्रतीच्या पेलेटची राख जास्तीत जास्त ०.७ टक्के असते. ४००० किलोचे ०.७ टक्के म्हणजे २८ किलो, तेही वर्षभरात. आपल्या चुलीच्या मानाने काहीच नाही, पण तेलाला तेवढंही काम नसतं.

जीव : ही गोष्ट मुलांना नक्की सांगा. साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हळूहळू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद कोठीत उतरलेल्या माणसांचे त्यामुळे जीव गेलेले आहेत. म्हणून कोठीला हवा खेळती ठेवायची सोय लागते आणि हवा गेल्याशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही असा नियम आहे. आपल्याकडे धान्याचं पेव उघडल्यावर जुनी माणसं लगेच कोणाला आत उतरू देत नसत, ते आठवा. तिथला वायू वेगळा, पण शहाणपण तेच. जुन्या विहिरीत किंवा मैल्याच्या टाकीत उतरतानाही तेच लागू आहे.

आणि सगळ्यात स्वस्त इंधन?

आता एक शेवटचा बदल करून बघू. त्याच घराच्या भिंतींना आणि छताला उष्णतारोधक थर दिला, जुन्या खिडक्या बदलल्या, आणि इंधनाची गरज २०,००० वरून १२,००० युनिटवर आली असं समजा.

तेल : १२०० युरो
पेलेट : २.४ टन × ३०० = ७२० युरो
फरक ४८० युरो, देखभालीचे १५० वजा जाता ३३० युरो
परतफेड : ७,६०० ÷ ३३० = २३ वर्षं!

म्हणजे ज्या पेलेट बॉयलरचे पैसे गळक्या घरात पावणेबारा वर्षांत फिटत होते, ते बंदिस्त घरात त्याच्या आयुष्यभरात फिटत नाहीत. दुसरीकडे तेलाचाच खर्च २००० वरून १२०० वर आला, बॉयलर न बदलता. भिंतीचा खर्चही मोठा असतो, तो वेगळा मांडावा लागेल. पण क्रम लक्षात घ्या. फुटक्या माठात पाणी नदीचं भरू की विहिरीचं, हा प्रश्न नंतरचा. आधी माठ बुजवायचा.

आता हाच हिशोब आपल्या स्वयंपाकघरात

मुलांना गृहपाठ म्हणून हे द्या. पालकांनाही उपयोगी पडेल. प्रश्न : स्वयंपाकाला गॅस स्वस्त की इंडक्शन शेगडी?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो.
१ किलो गॅसमध्ये साधारण १२.८ युनिट उष्णता असते.
१४.२ × १२.८ = साधारण १८२ युनिट.
गॅस शेगडी यातली ६८ टक्के उष्णता भांड्याला देते असं धरू : साधारण १२४ युनिट.
इंडक्शन ८५ टक्के देते असं धरू. मग तेवढ्याच स्वयंपाकाला वीज लागेल १२४ ÷ ०.८५ = साधारण १४५ युनिट.

म्हणून सिलिंडरची किंमत ÷ १४५ = विजेचा समतोल भाव. सिलिंडर ८७० रुपयांना मिळत असेल तर उत्तर ६ रुपये. तुमच्या घरी वाढीव वीज ६ रुपयांपेक्षा कमी दराने पडत असेल तर इंडक्शन स्वस्त, जास्त दराने पडत असेल तर गॅस.

"वाढीव" हा शब्द महत्त्वाचा. आपलं वीजबिल टप्प्यांचं आहे. पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि पुढच्या टप्प्याचा बराच जास्त. इंडक्शनचे युनिट तुमच्या आधीच्या वापरावर चढतात, त्यामुळे ते बहुधा महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. बिलावरचा सरासरी दर लावला तर उत्तर चुकेल. प्रत्येक मुलाने आपल्याच घरचं बिल आणि सिलिंडरची पावती आणावी. एकाच वर्गात काहींचं उत्तर गॅस येईल आणि काहींचं इंडक्शन. दोघंही बरोबर असतील, आणि तसं का, हे मुलांनीच एकमेकांना समजावून सांगू द्या.

वर्गात घेताना

१. पाचवीपर्यंत पायरी १ ते ३ पुरे. शेकडेवारी झाल्यावर पायरी ४ आणि ५ घ्या. समतोलाचं सूत्र सातवी-आठवीला.

२. "जास्त युनिट म्हणजे महाग" असा गोंधळ मुलं करतात. भागाकार कशाला कशाने करायचा हे चुकतं. म्हणून आधी तोंडाने वाक्य म्हणून घ्या : "दहा युनिटला शंभर सेंट, तर एका युनिटला किती?"

३. धरलेले आकडे आणि पक्के आकडे दोन रंगांच्या खडूने लिहा. बॉयलरची किंमत धरलेली आहे, पण १ टन म्हणजे १००० किलो हे पक्कं आहे. मग धरलेला एक आकडा मुलांना बदलू द्या आणि उत्तर किती हलतं ते बघू द्या.

थोडक्यात सांगायचं तर, स्वस्त काय हे विचारण्याआधी चार प्रश्न विचारायचे. मला नक्की काय हवंय, त्याचं एकक कोणतं? दोन्ही वस्तू त्याच एककात आणल्या का? यंत्र आणि देखभाल धरली का? आणि भाव बदलला तर काय होईल? यानंतर जर्मनीतल्या त्या घराचं उत्तर असं येतं: गरज मोठी असेल, तळघरात जागा असेल, अनुदान मिळत असेल आणि जुना बॉयलर तसाही बदलायचाच असेल, तर पेलेट परवडतात. यातली एखादी गोष्ट नसेल तर कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा बसायचं.

तुमच्या वर्गात गॅस आणि इंडक्शनचा हिशोब करून घेतलात तर मुलांची उत्तरं एका तक्त्यावर मांडून ठेवा. पुढच्या वर्षी दर बदलल्यावर तोच तक्ता पुन्हा काढा. किती उत्तरं उलटली ते मुलांनाच मोजू द्या.